मुदतीचा नवस

नवस बोलताना मुदत घालायची आपल्याकडे रीतच आहे. कोणी मुलीचं लग्न होईपर्यंत चपला सोडतं, कोणी वर्षभर भात सोडतं. मुदत संपली, नवस फिटला की पहिल्या पंगतीत दोनदा भात वाढून घेतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मीही तसाच नवस बोललो होतो. गेल्या वर्षी बायकोचा, सुनंदाचा खोकला छातीत उतरला आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात सिगारेट कोण ओढतं?" तिच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच मला जास्त लागलं. बाहेरच्या बाकड्यावर बसून मी सप्तशृंगीच्या गडाकडे हात जोडले. म्हटलं, आई भगवती, हिला घरी आण. पुढच्या कोजागिरीपर्यंत सिगारेटला शिवणार नाही आणि कोजागिरीला चालत तुझ्या दारी येईन.

सुनंदा घरी आली. डॉक्टरांनी बजावलं, की या घरात पुन्हा धूर झाला तर तिची छाती तो सोसणार नाही. मी नेटाने नवस पाळला. सातपूरला आमच्या कंपनीच्या गेटवर टपरी आहे. तिथला चहा बंद करून मी कॅन्टीनचा पुचाट चहा प्यायला लागलो. शर्टाच्या खिशात बडीशेपेची पुडी आली. रात्रीच्या जेवणानंतरची वेळ सगळ्यात वाईट, म्हणून मी सगळी भांडी घासायला घेतली. ओल्या हातांनी सिगारेट धरता येत नाही. सोसायटीतल्या बायका माझं उदाहरण आपापल्या नवऱ्यांना द्यायला लागल्या आणि ते बिचारे मला टाळू लागले. पण आतली गोष्ट कोणाला माहीत नव्हती. तलफ आली की मी दात आवळून एकच गोष्ट स्वतःला सांगत असे, कोजागिरीपर्यंत थांब. म्हणजे मी सिगारेट सोडली नव्हती, तिची वाट बघत होतो. पुढे घरात नाही ओढणार, बाहेर एखादी ओढीन, असा हिशेबही मनात जुळवून ठेवला होता. हा हिशेब घरात कसा टिकतो, ते पूर्वी दोनदा अनुभवलेलं असूनही.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी पहाटे ठरल्याप्रमाणे दिंडोरीच्या रस्त्याने चालत निघालो. सुनंदा तिच्या बहिणीबरोबर एसटीने परस्पर गडावर येणार होती. वणीत मुक्काम करून सकाळी नांदुरीला, गडाच्या पायथ्याशी पोचलो. पाय भरून आले होते. समोर घाटाचा रस्ता, शेजारी चहाची टपरी. चहा घेतला आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी 'कोजागिरीपर्यंत' म्हटलं होतं. कोजागिरी तर उजाडली. दर्शनानंतरच ओढली पाहिजे असं मी कुठे बोललो होतो? देवीशी असा वकिली कावा करताना मला तिळमात्र लाज वाटली नाही. एक सिगारेट मागितली. बोटांत धरली. तो हलकेपणा ओळखीचा होता, अगदी बरं वाटलं. काडेपेटी घ्यायला हात पुढे केला.

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "खांदा! ओ भाऊ, खांदा द्या!"

वळून पाहिलं तर भरघोस मिशांचा, साठीच्या पुढचा एक धिप्पाड माणूस कावड घेऊन उभा होता. बांबूच्या दोन्ही टोकांना पाण्याचे तांब्याचे कलश, त्यांवर लाल फडकी. रामकुंडावरून भरून आणलेलं ते पाणी कोजागिरीला देवीच्या अभिषेकाला जातं. गडावर पोचेपर्यंत कावड जमिनीला टेकवायची नाही आणि गाडीतही ठेवायची नाही, असा त्यांचा नेम. बरोबरचे दोघे पाय सुजून मागच्या पिकअपमध्ये आडवे झाले होते आणि हा माणूस एकटा उरला होता. त्याचे खांदे थरथरत होते, तरी चेहरा हसरा होता. बघ्यांची कमी नव्हती, पण त्याने हाक मारली ती मला.

"तोंडात काय नाय ना?" त्याने विचारलं. "कावडीखाली तंबाखू, बिडी काय चालत नाय."

"नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं. सिगारेट टपरीच्या फळीवर ठेवली, बूट काढून पिकअपमध्ये टाकले आणि खांदा पुढे केला.

त्यानंतरचा घाट मी आयुष्यात विसरणार नाही. अनवाणी चालायची सवय नाही, बारीक खडी पायात घुसत होती आणि बांबू मानेशी रुतत होता. थोडं चाललं की त्या माणसाला, सगळे त्याला नाना म्हणत, आपोआप कळायचं. तो म्हणायचा, "द्या इकडं." मग त्याला धाप लागली की तो निःसंकोच ओरडायचा, "खांदा!" मी मात्र एकदाही स्वतःहून मागितला नाही. दात आवळून रेटत राहिलो. शेवटी एका वळणावर माझा तोल गेला, एक कलश रस्त्याला लागता लागता राहिला. नानांनी झेप घेऊन बांबू धरला आणि पहिल्यांदाच रागावले.

"मागत का नाय हो तुम्ही? एकट्यानं मिरवायला आणली का कावड? तुमची हौस हुईल, पन पाणी सांडंल ना आईचं!"

मला एकदम रडू आलं. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. चालता चालता मी त्यांना सगळं सांगून टाकलं, दवाखाना, नवस, मुदत आणि टपरीच्या फळीवरची सिगारेटसुद्धा. नाना इतके मोठ्याने हसले, की पुढे चाललेल्या बायका वळून बघायला लागल्या.

"मुदतीचा नवस! तुम्ही कंपनीवाले लोक, आईपाशीबी ड्यूटी संपायची वाट बघता." मग हसू आवरून म्हणाले, "माझी तंबाखू व्हती. हिरडीला जखम झाली तवा आईच्या पायाशी ठेवली. लय वर्षं झाली. पन मी एकट्यानं नाय सोडली. तलफ आली का घरात मंडळीला हाक मारतो, नायतर भावाला फोन लावतो. म्हनतो, खांदा दे. मंग बोलायचं काय बी, बागेचं, पाण्याचं. तेवढ्यात जाती ती निघून."

"लाज नाही वाटत?"

"कशाची? कावड काय माझी हे?"

घाटात बोलता बोलता त्यांच्याबद्दल कळलं होतं. द्राक्षाची मोठी बाग, दारात ट्रॅक्टर, गावात शब्दाला मान असलेला माणूस, आणि आपल्याला झेपत नाही हे तो भर रस्त्यात ओरडून सांगत होता. मला मात्र वर्षभरात माझ्या बायकोलाही कधी म्हणता आलं नव्हतं, की आत्ता फार ओढावीशी वाटतेय, जरा बोल माझ्याशी. मी त्यालाच निश्चय समजत होतो. पुढच्या वळणावर बांबू पुन्हा रुतायला लागला तेव्हा मी पहिल्यांदा "खांदा" म्हटलं. आवाज फुटला नाही नीट, पण नानांना ऐकू आलं.

पायऱ्या चढून कावड देवळात पोचली. सुनंदा दारातच भेटली. माझे पाय बघून तिने तोंडावर हात ठेवला. आम्ही दोघं रांगेतून देवीसमोर उभे राहिलो. नवस फिटला असं म्हणायचं ठरवून आलो होतो, ते काही तोंडातून निघेना. मी म्हटलं, आई, मुदत काढून घे. मला एकट्याला हे होत नाही. बस, इतकंच. शेजारी सुनंदाने ते ऐकलं. तिने माझा हात धरला, सगळ्या रांगेदेखत, जे ती एरवी कधी करत नाही.

टपरीपाशी आलेल्या त्या हाकेला लोक योगायोग म्हणतील. म्हणू देत. माझ्यापुरतं बोलायचं तर ती हाक नानांच्या तोंडून आली एवढंच. तलफ अजूनही येते. आता मी सुनंदाला सांगतो. ती हातातलं काम ठेवते, आणि आम्ही बिल्डिंगखाली फिरायला जातो किंवा नुसते बोलत बसतो. इतकी वर्षं मी एकीकडे धूर काढत उभा असायचो, तेव्हा तिला किती काय सांगायचं राहून गेलं होतं, ते आता मला ऐकायला मिळतं.

मागच्या महिन्यात अवकाळी पाऊस झाला. संध्याकाळी कंपनीतून निघत होतो आणि नानांचा फोन आला; गडावरच आम्ही एकमेकांचे नंबर घेतले होते. पलीकडे पावसाचा आवाज होता. बाग ऐन फुलोऱ्यात, आणि ते तिथेच एकटे उभे होते. एवढा खणखणीत माणूस, पण आवाज ओळखू येईना.

"भाऊ," ते म्हणाले, "घरी कोनी नाय. पुडी हातात हे. खांदा द्या."

मी गेटपाशीच पायरीवर बसलो आणि म्हटलं, "दिला, नाना. बोला."