वुडनेशने अडवलेला मेंढा

माझी लेक वुडनेश मेन्झच्या पठारावर दिली आहे. तिथे जवाशिवाय फारसं काही पिकत नाही आणि मेंढ्यांवाचून घर चालत नाही. तिच्या सासरचा कळप मात्र वर्षागणिक खुजा होत चालला होता. मोठा उपवास संपून फासिकाचा सण आला, की कळपातला सर्वांत भरलेला नर सुरीखाली जायचा. मागे उरायचे किडमिडे, आणि पुढची पिलं त्यांचीच.

एका वर्षी वुडनेशने तपकिरी मेंढा अडवला. रुंद पाठीचा, जाड शेपटीचा. त्याची आई टंचाईतही पिलू जगवणारी.

"यंदा कोंबडी कापू," ती सासऱ्यांना म्हणाली.

"एवढे दिवस डाळ गिळून सणाला कोंबडी?" अबा गिझाव म्हणाले. "शेजारी विचारतील, घरात कोण वारलं."

"मामंजी, आपण चांगलं बियाणं खातो आणि पोचट पेरतो. जवाचं असं कराल का?"

"माहेरी हेच शिकवलं वाटतं," सासूबाई चुलीपाशी पुटपुटल्या.

अबांनी तपकिरीच्या पाठीवरून हात फिरवला. "ठीक आहे. पण पुढच्या फासिकाला पिलं सुधारलेली दिसली नाहीत, तर मेंढा जाईल आणि कळपात तुझा शब्दही चालणार नाही."

वुडनेशने बाकीच्या नरांच्या पोटाखाली चामड्याचे पडदे बांधले, म्हणजे ते माद्यांना लागू नयेत. तपकिरी तेवढा मोकळा. इकडे माझा जीव टांगणीला. एक तरस आलं असतं तरी सगळं संपलं असतं. मेंढा रात्री आत घेतेस ना, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याकडून विचारायची.

तिचा उलटा निरोप यायचा, "आईला सांगा, तो खाटेपाशी झोपतो. तिचा जावई दाराशी."

पाऊस सरल्यावर पिलं झाली. दोन काळी निघाली. काळ्याला बाजारात कोणी विचारत नाही, म्हणून सासूबाईंनी महिनाभर त्या दोघांवरूनच तोंड वाजवलं. बाकीची कशी वाढतात, ते कोणी बोलून दाखवलं नाही.

फासिकाच्या आदल्या दिवशी अबा गोठ्यात शिरले. एकेक पिलू उचलून पाहायची त्यांची सवय. तिसरं इतकं जड भरलं, की ते मांडीवर घेऊन खालीच बसले. कुंपणापलीकडून शेजारचा त्सेगये बघत होता.

"अबा, तुमचा तो मेंढा आमच्या माद्यांकडे पाठवा की."

"माझा कुठला? सुनेला विचार."

एवढं बोलून त्यांनी सवयीने नव्या पिलांतल्या सर्वांत दांडग्या नराचा पाय धरला. वुडनेश दारात आडवी उभी राहिली.

"तो नाही, मामंजी."

जावयाच्या हातात सुरी होती, तो जमिनीकडे बघत राहिला. अबांनी पाय सोडला.

"मग कोणता, ते तू दाखव."

तिने मागचा एक दाखवला, नव्या पिलांतलाच, पण दुय्यम. त्यालाही दारापर्यंत ओढून नेताना जावयाला धाप लागली.