जिथं रूळ जात नाहीत

क्षमा नेमकं काय काम करते, हे पुरानी बस्तीतल्या तिच्या माहेरी कुणालाच धड सांगता येत नसे. ती रायपूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि उरलेल्या वेळात जिनिव्हाजवळ जमिनीखाली प्रोटॉनांच्या टकरी लावणाऱ्या यंत्राचा डेटा चाळायची. विश्वातलं बरंचसं वस्तुमान दिसत नाही. ते आपल्या जगाशी बोलणंच टाकलेल्या कणांच्या एखाद्या लपलेल्या कुळातलं असेल, असा तिच्या गटाचा कयास. त्या कुळातला कण टकरीत जन्मलाच, तर त्याची चाहूल शोधायची.

"पोट्टी भूत पकडून राहिली," सत्यभामाआत्या म्हणायची.

दिवाळीनंतर आत्या गोंदियाहून आली ती वेगळाच विषय घेऊन. क्षमाचा भाऊ पराग घरातून निघून गेला, त्याला बारा वर्षं झाली होती. बारा वर्षांत पत्ता लागला नाही, की पळसाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि माणूस गेला असं धरायचं, ही रीत. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले क्षमाचे वडील श्यामराव हो म्हणेनात, नाही म्हणेनात.

"क्षमाले विचारू," ते म्हणाले. "शोधायचं काम तिचं."

क्षमाची आई वनमालाबाई आतल्या खोलीत गहू निवडत राहिल्या.

संध्याकाळी तेलीबांध्याच्या आपल्या घरून क्षमा आली. आत्याने तिला चपला काढू दिल्या, एवढंच.

"काहून गं, तुयं भूत भेटलं का?"

"नाही आत्या. मागच्या महिन्यात निकाल आला. काही सापडलं नाही."

"मंग तसं लिहून देल्लं ना?"

"दिलं."

"वा! दूरदेशच्या कणाचं लिहून देते, अन् घरच्या पोट्ट्याचं म्हणायले जीभ रेटत नाही."

श्यामराव मान खाली घालून बसले होते. मुलगी हो म्हणाली, तर उद्याच भटजींना बोलवायचं होतं.

"असा कण नाहीच, असं नाही लिहिलं," क्षमा सावकाश म्हणाली. "या जागी, या पद्धतीनं पाहिलं, तिथं नाही, एवढंच. टकरी इतक्या होतात की सगळ्या साठवता येत नाहीत. कोणती ठेवायची, कोणती फेकायची, यंत्र क्षणात ठरवतं. टकरीच्या अगदी जवळ काही घडलं तरच ठेव, असं आम्हीच त्याले शिकवलं होतं. कण जरा दूर जाऊन फुटला असंल, तर आमच्याच हातानं फेकला गेला."

"म्हणजे कचऱ्यासंग अंगठीबी झाडून टाकली म्हण."

"हव."

मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्ही परागले कुठं कुठं पाहिलं?"

श्यामराव पाठ असल्यासारखे म्हणू लागले. दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया. इकडे भाटापारा, बिलासपूर, चांपा, रायगड. खाली महासमुंद, टिटलागड. प्रत्येक ठिकाणी प्लॅटफॉर्म, वेटिंग रूम, चहावाले, हमाल. सगळ्यांना फोटो दाखवलेला.

"कांकेर?"

"तिकडे कुठं रेल्वे जाते..." म्हणता म्हणता श्यामराव थांबले.



"रेल्वेचा पास होता," ते म्हणाले. "जिथं पास नेई, तिथं गेलो. पोट्टाबी रुळानंच गेला असंल, असं धरून चाललो. कांकेर, कोंडागाव... म्या तिकडे पाहिलंच नाही."

"अन् तिकडे पाहूनही नाही भेटला, तर?" आत्यानं विचारलं. या वेळी आवाजात टोमणा नव्हता.

"तर तिकडे नाही, एवढंच म्हणू," क्षमा म्हणाली. "अन् पुतळ्याचं आईले विचारू. तिले कोणी विचारलंच नाही."

वनमालाबाई दारात येऊन उभ्या होत्या. हाताला गव्हाचा भुसा. त्यांनी पुतळ्याचं नावही काढलं नाही.

"तो फोटो जुना झाला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आता त्याले दाढी असंल. केसबी कमी झाले असतीन. तसं सांगत जा लोकायले."

दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामराव भाठागावच्या बसस्टँडवर गेले. आजवर कधी कामच पडलं नव्हतं, त्यामुळे कोणती गाडी कुठं लागते हेही त्यांना विचारावं लागलं.

"कांकेर में कहाँ उतरोगे, बाबूजी?" कंडक्टरनं विचारलं.

"पहले ये बताओ भैया," श्यामराव म्हणाले, "रस्ते में कहाँ-कहाँ रुकती है."