मामाचा उजवा डोळा

माझ्या मामांचा उजवा डोळा मी घालवला. गावात हे अजून कुणालाच माहीत नाही.

आज सकाळी मामांची माती झाली.

मामा हिंगोलीकडच्या पुसेगावजवळ शेळ्यामेंढ्या राखायचे. माझं अर्धं लहानपण त्यांच्या कळपामागे गेलं. पुढं इंजिनिअरिंगला पुण्यात आलो आणि हॉस्टेलवर शेळीचं नावसुद्धा काढलं नाही.

२००४ च्या आसपासची गोष्ट. थर्ड इयरला आम्ही चौघं मित्र तीन दिवस गोव्याला हरमलला निघालो. तिथं फॉरेनर लोक फळी घेऊन लाटांवर उभे राहतात, हे निखिलनं कुठंतरी ऐकलं होतं. आम्हाला तेच बघायचं होतं.

जायच्या आधी गावी फोन केला. मामा म्हणाले, "समुद्रावर चाललास तर समुद्रफेस आण. पाटीच्या डोळ्यात फूल पडलंय."

पाट म्हणजे तरणी शेळी, फूल म्हणजे बुबुळावरचा पांढरा डाग. समुद्रफेस म्हणजे किनाऱ्यावर वाहून येणारं पांढरं, हलकं हाडूक. आमच्याकडं ते उगाळून जनावराच्या डोळ्यात घालतात. वसमतच्या बाजारात एक बाई विकायची, ती यायची बंद झाली होती.

"आणतो की," म्हणालो.

आणि हरमलला पहिल्याच सकाळी ते मला वाळूत दिसलं. एक नाही, चांगली सात-आठ. दोन उचलून खिशात घातली.

निखिल म्हणाला, "काय रे, भंगार गोळा करतोयस का?"

बाकीचे हसले. मामांच्या शेळीसाठी, एवढं सांगायचं होतं. जीभ रेटली नाही. "छे, असंच," म्हणून दोन्ही पाण्यात फेकून दिली.

दुसऱ्या दिवशी एका उंच फॉरेनरची फळी लाटेत मोडली. त्यानं ती किनाऱ्यावरच्या शॅक हॉटेलामागं टाकली. आम्ही आतला पांढरा फोम तोडून आठवण म्हणून एकेक तुकडा घेतला. कडेला वरचं फायबरग्लासचं, म्हणजे काचेच्या बारीक धाग्यांचं कवच होतं, ते मी सोलून काढलं. निघालं तेवढं.

तिथून मित्र पुण्याला गेले आणि मी सुट्टीला गावी.

मामांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, भाचा समुद्रावर गेलाय म्हणून. अंगणात शेजारची तीन माणसं वाट बघत बसलेली. त्यांनाही थोडं थोडं पाहिजे होतं.

"आणलंस का?"

तेव्हा "विसरलो" म्हणायला काय जात होतं माझं? मामांनी दोन शिव्या घातल्या असत्या आणि मामीनं जेवायला वाढलं असतं.

मी बॅगेतून तो फोमचा तुकडा काढून दिला. तिथं मित्रांची लाज, इथं या माणसांची.

मामांनी तो हातावर तोलला. नखानं खरवडला, तर पांढरी पूड पडली. मग जिभेला लावून बघितला.

"खारट न्हाई लागत की."

"धुऊन आणलंय मामा."

हे मीच बोललो. फायबरग्लास म्हणजे काय, हे त्याच सेमिस्टरला शिकलो होतो. पास झालो होतो त्यात.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मी पुण्याला पळालो. पळालोच म्हणायचं त्याला.

चार महिन्यांनी परत आलो तेव्हा मामांचा उजवा डोळा पांढरा पडला होता. नांदेडला नेईपर्यंत बुबुळावरची जखम चिघळली होती.

शेळी ठणठणीत. तिच्या किंवा शेजाऱ्यांच्या जनावरांच्या डोळ्याला ते लागलंच नव्हतं.

मामी म्हणाली, "आधी सोताच्याच डोळ्यात घातलं ह्येंनी. खोड हाय ती. कोणतंबी औषध असू दे."

मी मामांना विचारलं, "काहून घातलं तुमी?"

"मुकं जनावर हाय बाबा. आग झाली तर कोणाला सांगंल?"

मला तिथंच सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं.

पण मामाच बोलले, "तू काहून तोंड पाडून राहिला? तुला दुकानदारानं फसवलं. डुप्लिकेट दिलं. शिकलेल्या माणसालाबी फसवतेत, त्याला तू काय करशील?"

दुकान कुठलं, दुकानदार कुठला. तरी मी होकारार्थी मान हलवली.

पुढची वीस वर्षं मामांनी त्या दुकानदाराला शिव्या दिल्या. बाजारात, लग्नात, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला. "आमच्या भाच्याला फसवलं तिकडं. लई भोळं लेकरू." माझ्या सासऱ्यांनाही हसत हसत सांगितलं. मीही हसलो.

उजवीकडचं बघायला त्यांना सगळी मान वळवावी लागायची. जेवायला मी कायम त्यांच्या उजव्या बाजूला बसायचो. म्हणजे मी त्यांना दिसायचो नाही.

निखिलला आजपर्यंत यातलं काही माहीत नाही. आज वाचेल. निखिल, तुझी चूक नाही. तू नुसता हसलास.

आज मातीला जमलेल्या लोकांत पुन्हा तोच विषय निघाला. एक म्हातारबा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लई जीव होता तुझ्यावर. तुला फसवलं म्हणून मरंस्तोवर त्या दुकानदारावर राग धरला त्येनं."

आणि मी आजसुद्धा मान हलवली. म्हणून हे सगळ्यांनी वाचावं असं मोबाइलवर लिहितोय. समोरासमोर बोलायची हिंमत मला कधीच झाली नाही, आज तरी कुठून येणार?

सुनील, मामांचा मुलगा म्हणून तुला सांगतो. हे वाचलंस की मामीला मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस. मी बाहेर ओट्यावर बसलोय. घरात घ्यायचं की नाही, ते मामीनं ठरवावं.

मामा, मला कुणीच फसवलं नव्हतं. तुमच्या डोळ्याचा चोर तुमच्याच ताटाशेजारी बसून जेवत होता.

माफी मागायला उशीर झाला. हात जोडतो, मामा.