खुनी कोण, हे मला म्हणे आधीच ठाऊक होतं

आमच्या घरी तेव्हा टीव्ही नव्हता. सायखेड्याजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये आई घडातले खराब मणी कात्रीने छाटायची. कॉलेजला सुट्टी असली की मीही तिच्याबरोबर जायचे. घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि त्याचा मला तोरा होता. डिटेक्टिव्ह मालिका आम्ही शेजाऱ्यांच्या दारात बसून बघायचो. दुसऱ्या दिवशी जेवताना बायकांमध्ये एकच विषय: खुनी कोण?

मी दोनदा बरोबर ओळखला. झालं, संशय माझ्यावरच आला.

"कॉलेजची पोरगी हाय. मोबाइलवर आदीच बघती अन् आपल्याम्होरं शानपणा करती," मुकादम मावशी म्हणाली. पैसे भरले की मोबाइलवर पुढचा भाग आदल्या दिवशीच दिसतो, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. बायका डबे उचलून आमच्यापासून लांब बसू लागल्या. आई डबा न उघडताच घरी परत नेऊ लागली.

पुढच्या खुनाच्या शेवटच्या भागाआधी मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "खुनी बायकोच. नवरा कसा मेला, हे तिनं एकदाही विचारलं नाही."

खुनी निघाला ड्रायव्हर.

दुसऱ्या दिवशी मावशी हसतच आली. "अगं, तू तर सपशेल हुकलीस! म्हंजे खरंच बघत नव्हतीस तू."

मला मात्र राग आला होता. तर्क माझाच बरोबर होता, असं मला आजही वाटतं. पण त्या दुपारपासून आई पुन्हा सगळ्यांमध्ये बसून जेवू लागली.