मनकर्णाबाईंची लाल झेंडी

मनकर्णाबाईंच्या जिभेला हाड नाही, असं मेहकरकडच्या त्यांच्या गावात लहानथोर सगळेच म्हणतात. म्हणोत बापडे. गेल्या साली शंकरपटात त्या जे बोलल्या, ते कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

पटाच्या शर्यतीत बैलांच्या दोन जोड्या शेजारी शेजारी सुटतात. मध्येच कुणी आडवं आलं की लाल झेंडी वर होते, धाव रद्द होते आणि पुन्हा पळावं लागतं. बाईंचे यजमान उत्तमराव यांची जोडी पुढे होती आणि कुत्रं आडवं गेलं. झेंडीवाल्या गजेंद्रनं लगेच झेंडी उचलली. पुन्हा पळताना दमलेले बैल हरले. पुढच्याच फेरीत पाटलांच्या जोडीपुढून बकरी गेली, तेव्हा मात्र झेंडी गजेंद्रच्या काखेतच! बाई तरातरा मैदानात उतरल्या.

"काऊन रे गजेंद्र, कुत्रं दिसते अन् बकरी दिसत नाही तुले?"

"काकू, ते काठाकाठानं गेली."

"पाटलाची जोडी पाहून मान राखत गेली असन!"

सगळं मैदान हसलं. गजेंद्र चिडला. "मंग पुढच्या साली तुमीच धरा झेंडी!"

बाईंनी खरंच धरली. पंचांनीही गंमत म्हणून होकार दिला.

उत्तमरावांना तर आभाळ ठेंगणं झालं. झेंडी घरचीच! वर्षभर त्यांनी बैलांना सरकी-ढेप खाऊ घातली आणि पटाच्या सकाळी हळूच म्हणाले, "आपली जोडी पुढं असली, तं जरासं इकडंतिकडं पाहत जाय."

"पाहीन," बाई म्हणाल्या.

शेवटच्या फेरीत पाटलांची जोडी मागे पडली. उत्तमराव जिंकणार हे दिसताच बाईंचा सख्खा भाऊ शालिग्राम गुलालाचं पोतं घेऊन नाचत थेट धावपट्टीवर उतरला. हा माणूस लग्नातही अक्षता आधीच टाकून मोकळा होतो.

बैलांच्या पाठीवरून हात फिरवणारा नवरा बाईंच्या डोळ्यांपुढे आला, आणि त्याच्यामागोमाग गेल्या सालची ती बकरी. त्यांनी झेंडी उचलली.

जोड्या पुन्हा पळाल्या. पाटील जिंकले.

घरी जाताना उत्तमराव बैल घेऊन पुढे चालले, बाई मागून. पाराजवळ पाटलांचा भाऊ जानराव ओरडला, "काय बे उत्तम, घरच्या झेंडीनंच पाडलं ना तुले!"

उत्तमराव थांबले. "हाव, पाडलं. पन गेल्या सालची हार वर्षभर घशात अडकून होती बे. औंदाची खऱ्या झेंडीची, म्हणून उतरली."

बाईंनी पदरानं डोळे पुसले.

चार पावलं गेल्यावर उत्तमराव बायकोकडे वळले. "झेंडी तुयाच हाती राहू दे. पन पुढच्या पटाले तुया भावाले गोठ्यात बांधून ये."