खडू खाली ठेवून

सुलभाबाई फळ्यावर लिहिताना कधी बोलायच्या नाहीत. लिहायचं, खडू खाली ठेवायचा, वर्गाकडे वळायचं, मग तोंड उघडायचं. लोकांना वाटे, पोरगी जरा मंद आहे. ती सवय त्यांना कुठं लागली ते मला विचारा. माझ्या चुलीपाशी लागली.

नव्वद सालानंतरची गोष्ट. बाई इंदापूरकडच्या, बारामतीत डी.एड. करत होत्या. सराव पाठ घ्यायला आमच्या वस्तीवरच्या शाळेत यायच्या. माझी मंगल जन्मापासून बहिरी. पाठाच्या दिवशी गुरुजी तिला झाडांना पाणी घालायला बाहेर काढत, नव्या बाईंचा पाठ अडायला नको म्हणून. पहिल्या पाठाला सुलभाबाईंनीही तिला जाऊ दिलं. संध्याकाळी मात्र आमच्या दारात येऊन उभ्या. "आक्का, माझं चुकलं. आमच्या पुस्तकात अशा लेकरांवर एक पान हाय. परीक्षेला येत न्हाय म्हणून आमी ते उघडलंच न्हाय."

मी म्हटलं, आधी भाकरी खा. तेवढ्यात मंगल आली. मी थापणं थांबवलं, तिच्याकडे वळले आणि मीठ आण म्हटलं. तिनं आणलं. बाई बघतच राहिल्या. मी सांगितलं, ती ओठ वाचते, पाठमोरी बोलले तर तिला काय डोंबल कळणार?

दुसऱ्या दिवसापासून बाईंचा खडू खाली. बरोबरीच्या पोरी हसायच्या. बाई त्यांना ऐकवायच्या, "आधी तोंड दाखवा, मग चालवा."

मग वार्षिक पाठ आला. त्यावर बाईंचं पास-नापास ठरायचं. पाठ तपासायला बाहेरचे सर येणार, म्हणून गुरुजींनी मंगलला आज घरीच ठेवा असा निरोप धाडला. ती तर केव्हाच वर्गात जाऊन बसलेली. आपल्या पोरीपायी परक्या पोरीचं वर्ष बुडेल, या भीतीनं मीच तिला आणायला गेले. बाई दारात आडव्या.

"आक्का, तुमी घरी जावा. ही बाहेर गेली तर आज मी झाडांनाच शिकवीन."

गुरुजींनी मान खाली घातली. मी खिडकीशी थांबले. बाईंनी कागदाची गोल भाकरी काढली, अर्ध्याचं अर्धं किती ते विचारलं. मंगल उठली, तिनं कागदाला दोन घड्या घालून तो वर धरला. सरांनी वहीत लिहिलं, फळ्याचं काम संथ. बाई जेमतेम पास झाल्या. निरोप घ्यायला आल्या तेव्हा त्यांनीच हसत सांगितलं, "संथ तर संथ. जिथं नोकरी लागंल तिथं आसंच शिकवणार."

त्या गेल्या, पुन्हा भेट नाही.

पुढच्या वर्षी दुसऱ्या बाई आल्या. पाठाच्या दिवशी मी पुन्हा त्याच खिडकीशी. गुरुजींनी मंगलला दाराकडे खूण केली. ती बसली ती बसलीच. नव्या बाई फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलू लागल्या. मंगल उठून पुढे गेली. त्यांच्या हातातला खडू काढून तिनं खाली ठेवला आणि दंडाला धरून त्यांना वर्गाकडे वळवलं.