ताहेर मास्तरांचं अनुदान

ताहेर मास्तर निवृत्त झाले तेव्हा त्यांचा बेत साधा होता. सकाळी फिरायचं, दुपारी झोपायचं आणि संध्याकाळी जठारपेठेत खुशालरावांच्या बियाण्याच्या दुकानासमोर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवायची. मूळचे ते अंजनगाव सुर्जीचे. उर्दू शाळांवर मास्तरकी करत दोन जिल्हे पालथे घालून शेवटी अकोल्यात स्थिरावलेले. मित्रांशी वऱ्हाडी बोलायचे, घरी बायकोशी हिंदी, आणि संतापले की शुद्ध उर्दू. त्यामुळे ते रागावलेत की आपलं कौतुक करताहेत हे पोरांना बरेचदा कळायचंच नाही.

हा बेत मोबाइल हरवल्यामुळे बिघडला. तक्रार द्यायला मास्तर पोलिसांकडे गेले, तर बाकावर एक कुटुंब बसलेलं. पस्तिशीचा होतचंद, त्याची बायको आणि म्हातारी आई हरीबाई. पाकिस्तानातल्या सिंधमधून व्हिसावर आलेली सिंधी माणसं. त्यांना परत जायचं नव्हतं, इथंच राहायचं होतं. त्यासाठी मुदत वाढवून हवी होती, आणि कागद सगळे उर्दूत. समोरचा हवालदार एक दाखला एकदा आडवा, एकदा उभा धरून पाहत होता.

"आना इकडं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी दाखला वर्गात धडा वाचावा तसा खणखणीत वाचून मराठीत सांगितला. हवालदार खूश झाला. हरीबाईंनी तर मास्तरांच्या डोक्यावरून हात उतरवून कडाकडा बोटं मोडली. मोबाइल काही मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या दारात अशीच आणखी दोन कुटुंबं उभी. मग ते चालूच राहिलं. मास्तर पैसे घेत नसत, आणि ती माणसं फुकट काही घेत नसत. मग पापड यायचे. रईसाबी, म्हणजे मास्तरांची बायको, एक दिवस कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अजी, कपाट में पापड, पेटी में पापड! अब मेरे कू भी छत पे सुखाने डाल दो!"

तेव्हा खुशालरावांनी तोड काढली. "मास्तर, आपण संस्था काढू. पापड हापिसात ठेवू."

अशा रीतीनं 'मुसाफिर सहाय मंडळ' जन्माला आलं. पाटी खुशालरावांच्या दुकानाच्या माडीवर लागली, म्हणून अध्यक्ष खुशालराव. काम सगळं मास्तरांचं, म्हणून ते सचिव. झेरॉक्स, नोटरी, वकील, आजारी माणसाला रिक्षा, असा खर्च दोघं खिशातून करत. पुढं खुशालरावांच्या मुलाला हे समजलं आणि त्यानं गल्ल्याची किल्ली स्वतःकडे घेतली. म्हणून मग मुंबईच्या एका फाउंडेशनकडे अनुदानाचा अर्ज गेला.

"गाडी मांगू," खुशालराव म्हणाले. "मोठी. बाजूनं मंडळाचं नाव."

"गाडी घेऊन जाचं कुठं? कचेरी तर चालत जायाच्या अंतरावर हाये."

"जाचं कायले? नाव लोकाईले दिसलं पायजे!"

अर्ज पोचला आणि फाउंडेशननं कळवलं की आमच्या प्रणाली मॅडम पाहणीला येतील. झालं, खुशालरावांच्या अंगात आलं. त्यांच्या मते अनुदान मिळतं ते हाल पाहून, आणि इथं हाल कुठं होते? होतचंदचं पापडाचं दुकान जोरात होतं, बोटात अंगठी होती, खाली नवी स्कूटर उभी होती. खुशालरावांनी स्कूटर गल्लीच्या टोकाला लपवली, अंगठी काढून स्वतःच्या खिशात ठेवली, होतचंदला आपल्या शेतावरच्या सालदाराचा सदरा घातला आणि माडीवरचा कूलर काढून खाली गोदामात ढकलला.

"हे खोटं हाये, खुशालराव," मास्तर म्हणाले.

"खोटं कावून? आला तवा असाच होता ना तो? आपण पयलेचं दाखवून राहिलो."

दिवस मे महिन्याचे. अकोल्याचं ऊन सांगायला नको. प्रणाली मॅडम पुण्याच्या, जेमतेम तिशीच्या. जिना चढून आल्या तेव्हा टोमॅटोसारख्या लाल झाल्या होत्या. पत्र्याखालच्या त्या माडीवर त्यांनी घटाघटा पाणी प्यायलं, वहीनं वारा घेतला आणि विचारलं, "इथे तुम्ही उन्हाळ्यात काम करता?"

"गरिबी हाये, मॅडम," खुशालराव खाली मान घालून म्हणाले आणि त्यांनी होतचंदला डोळ्यानं खूण केली.

होतचंद रडू लागला. आधी हळू, मग सुरात. आपलं गाव, सोडलेलं घर, मागं राहिलेली म्हैस. म्हशीपाशी आल्यावर त्याला खरंच रडू फुटलं, आणि त्याचं पाहून खुशालरावांनाही.

प्रणाली अवघडून म्हणाल्या, "दादा, रडू नका ना. खरं तर मला आधीच सांगायला हवं होतं. यंदा आमच्या विश्वस्तांनी ठरवलंय, जिथली माणसं आपल्या पायावर उभी राहिली आहेत, अशाच संस्थांना मदत करायची."

खुशालरावांचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"उभे हायेत की!" ते ओरडले. "हा तं केवढा मोठा यापारी! होतचंद, ऊठ! हे घे, अंगठी घाल! मॅडम, याची स्कूटर हाये, नवीकोरी! अरे, तो कूलर आना रे वर!"

होतचंदला काही उमगेना. एका डोळ्यातून पाणी चालूच होतं, आणि खुशालराव त्याचं बोट धरून त्यात अंगठी कोंबत होते. दुकानातल्या दोन हमालांनी कूलर वर आणला, तो दारात अडकला, आणि जिन्यावरून वर येणाऱ्या हरीबाई कूलरच्या पलीकडेच राहिल्या. त्या पलीकडून सिंधीत ओरडत होत्या आणि हातातला एक कागद कूलरच्या वरून नाचवत होत्या.

मास्तरांनी कागद घेतला, वाचला, आणि ते भिंतीला टेकून खालीच बसले.

हरीबाईंचा मुदतवाढीचा अर्ज परत आला होता. शेरा होता: 'अर्जदार मयत असल्याचे दिसते. खुलासा करावा.'

झालं असं होतं, की मूळ दाखल्यात 'आंजहानी', म्हणजे स्वर्गवासी, हा शब्द हरीबाईंच्या नवऱ्याच्या नावाआधी होता. भाषांतर करताना मास्तरांच्या हातून तो हरीबाईंना लागला. नोटरीचा शिक्का मारून 'कै. हरीबाई' यांचा अर्ज मास्तरांनी स्वतः नेऊन दिला होता.

"चूक माही हाये," मास्तर प्रणालींना म्हणाले. "आन् आता खरंच सांगतो. सकाळपासून इथं जे चाललं ते नाटक होतं. हा गडी गरीबही नाही आन् लय मोठा यापारीही नाही. बरा हाये. पण याच्या मायले मी मारून टाकलं. माहे डोळे गेले, ताई. रात्रंदिवस लोकं कागद आनतात. गाडी-बिडी नको. माह्या चुका तपासनारं एक शिकलेलं मानूस द्या."

खुशालराव छताकडे पाहू लागले. होतचंदनं आईला सगळं समजावून सांगितलं. म्हातारी कूलरच्या पलीकडून हिंदीत म्हणाली, "मर गई तो मर गई. पहले ये मशीन हटाओ, मरनेवाली को गर्मी हो रही है."

प्रणाली हसायला लागल्या त्या थांबेचनात. ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

अनुदान आलं, मागितलं त्याच्या निम्मं. गाडीवर सरळ काट होती. रुबीना नावाची भाषांतराची परीक्षा दिलेली मुलगी पगारावर ठेवावी आणि वकिलाची फी द्यावी, एवढंच त्यात बसत होतं. हरीबाईंसाठी रुबीनानं नवं भाषांतर केलं, मास्तरांनी चूक आपली झाल्याचं प्रतिज्ञापत्र दिलं, आणि म्हातारीला जिवंतपणी मुदतवाढ मिळाली.

रुबीनानं मग मास्तरांची जुनी भाषांतरं काढली आणि लाल पेननं तपासली. मास्तर रुसले. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या लाल केलेल्या माणसाला ते सोसवेना. घरी येऊन शुद्ध उर्दूत बोलायला लागले, तेव्हा रईसाबीनं ओळखलं.

"तुम कू पढाना आता ना? तो पढाओ," ती म्हणाली. "लोगां कू यहाँ की जबान सिखाओ."

तेव्हापासून माडीवर दुपारी मराठीचा वर्ग भरतो. मास्तरांना जी मराठी येते तीच ते शिकवतात. पुढच्या वर्षी प्रणाली पुन्हा पाहणीला आल्या, तेव्हा वर्ग चालू होता. पहिल्या ओळीत बसलेल्या हरीबाईंनी त्यांना दारात पाहिलं, सरकून आपल्या सतरंजीवर जागा केली आणि हुकूम सोडला, "ये वं पोरी, बस. उभी कावून राहिली?"

प्रणाली निमूटपणे येऊन बसल्या. मास्तरांनी त्यांच्याही हातात पाटी दिली.